एचआयव्ही: तासांचा, आठवड्यांचा आणि वर्षांचा हिशेब

एचआयव्ही ज्या कुळात मोडतो त्याला लेंटिव्हायरस म्हणतात. लॅटिनमध्ये 'लेंटस' म्हणजे संथ. लागण झाल्यापासून गंभीर आजार दिसेपर्यंत आठ-दहा वर्षं जाऊ शकतात, त्यावरून हे नाव. नाव बरोबर आहे, पण फसवंही आहे. माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो त्या काळात, उपचार चालू नसतील तर, त्याच्या शरीरात दिवसाला सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात आणि जवळपास तितकेच नष्टही होतात. आतली झुंज वेगवानच असते, तिचा निकाल मात्र सावकाश लागतो.

या आजारातल्या बऱ्याच चुका वेळेच्या असतात. चाचणी फार लवकर केली, औषध उशिरा घेतलं, बरं वाटतंय म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या. कुठे तास मोजायचे, कुठे आठवडे आणि कुठे वर्षं, हे कळायला विषाणू आत जाऊन नेमकं काय करतो ते पाहावं लागतं.

आधी एक शब्दांची गल्लत दूर करू. एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याच्यामुळे येणारी शेवटची अवस्था. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी २०० च्या खाली गेल्या, किंवा ठरावीक गंभीर आजारांपैकी एखादा झाला, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. निरोगी माणसात हाच आकडा साधारण ५०० ते १,५०० असतो. 'एड्सची टेस्ट' अशी काही वेगळी टेस्ट नसते आणि 'एड्स लागला' हेही खरं नाही. लागतो तो विषाणू.

पेशीच्या आत

हा विषाणू इतका लहान की एका मिलिमीटरच्या रेषेवर असे आठ-दहा हजार सहज मावतील. त्याची सगळी जनुकीय संहिता सुमारे ९,७०० अक्षरांची आणि तिच्यात जनुकं ९. माणसाच्या संहितेत अशी ३०० कोटी अक्षरं असतात. एवढ्याशा भांडवलावर त्याला स्वतःहून वाढता येत नाही, दुसऱ्याची पेशी लागतेच. आणि तो निवडतो नेमकी सीडी४ पेशी.

ही पेशी प्रतिकारयंत्रणेची कारभारी आहे. ती स्वतः फारसं कुणाला मारत नाही. कोणती प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवायची, कोणत्या पेशीवर हल्ला करायचा, जंतू गिळणाऱ्या पेशींना कधी जागं करायचं, हे निरोप तिच्याकडून जातात. कारभारी गेला की बाकीची माणसं जागेवर असूनही काम ठप्प होतं. एचआयव्हीमध्ये तेच घडतं.

आता एक विषाणू आणि एक पेशी जवळून पाहू. विषाणूच्या अंगावर जीपी१२० नावाच्या प्रथिनाची टोकं असतात. ती पेशीवरच्या सीडी४ रेणूला पकडतात. एवढ्याने दार उघडत नाही, दुसरी कडी लागते. ती बहुतेकदा सीसीआर५ नावाची असते. दोन्ही पकडल्या की आतलं जीपी४१ प्रथिन सुरीसारखं बाहेर येऊन पेशीच्या आवरणात घुसतं, दोन्ही आवरणं एक होतात आणि विषाणूचा गाभा आत सरकतो.

आत गेल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम विषाणूच्या आरएनएवरून डीएनए बनवतं. आपल्या पेशीत नेहमी डीएनएवरून आरएनए बनतो, इथे गंगा उलटी वाहते. ही नक्कल करताना एन्झाइम साधारण दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक करतं, आणि चूक तपासून दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. दिवसाला हजार कोटी नकला गुणिले या चुका असा हिशेब केला, तर संहितेतल्या प्रत्येक अक्षराचा बदल रोज कुठे ना कुठे होऊन जातो. एकच औषध दिलं की ते का फसतं आणि लस बनवणं इतकं अवघड का जातं, याचं मोठं कारण हा गुणाकार आहे.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. इंटिग्रेज नावाचं एन्झाइम हा नवा डीएनए आपल्या पेशीच्या गुणसूत्रात कापून चिकटवतं. आता विषाणू पाहुणा राहिला नाही, घराच्या सात-बारावरच त्याचं नाव चढलं. पेशी दुभंगली की दोन्ही पेशींत तो जातो. पेशी कामाला लागली की ती त्याचीही प्रथिनं बनवते. ही प्रथिनं एका लांब साखळीत तयार होतात आणि प्रोटिएज नावाचं तिसरं एन्झाइम ती योग्य जागी कापतं. ही कापाकापी झाली नाही, तर बाहेर पडलेला विषाणू वांझ निघतो.

एचआयव्हीची जवळपास सगळी औषधं याच पायऱ्या अडवतात. कुणी दुसरी कडी झाकतं, कुणी उलटी नक्कल थांबवतं, कुणी चिकटवणं, कुणी कापणं. काही थोड्या लोकांत सीसीआर५ ची कडी जन्मतःच मोडकी असते. दोन्ही पालकांकडून तसंच जनुक आलं असेल, तर विषाणूच्या नेहमीच्या प्रकारांना त्यांच्या पेशीत शिरताच येत नाही. २००७ मध्ये बर्लिनला रक्ताच्या कर्करोगासाठी एका एचआयव्हीबाधित रुग्णावर अशाच दात्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं आणि त्याचा एचआयव्हीही गेला. पण असं प्रत्यारोपण स्वतःच जिवावर बेतू शकतं. ज्याला कर्करोग नाही त्याच्यावर ते करणं शहाणपणाचं नाही, म्हणून हा उपाय मोजक्या लोकांपलीकडे गेला नाही.

पहिले तीन दिवस आणि नंतरचं

लैंगिक संबंधातून आलेला विषाणू सुरुवातीला आतल्या नाजूक अस्तरातल्या मोजक्या पेशींत असतो. तिथून जवळच्या लसिकाग्रंथींत आणि मग रक्तात पसरायला त्याला काही दिवस लागतात. संपर्कानंतरचं तातडीचं औषध, म्हणजे पेप, याच फटीत काम करतं. ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं, शक्यतो पहिल्या काही तासांत. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही, कारण तोवर विषाणू गुणसूत्रांत पक्का होऊ लागलेला असतो. औषधं सहसा तीन, आणि ती पूर्ण २८ दिवस घ्यायची. रुग्णाला टोचलेली सुई स्वतःला लागली तर जागा साबण-पाण्याने धुवावी. पिळून रक्त काढू नये, त्यावर ब्लीच किंवा ॲसिड ओतू नये. त्याने ऊती आणखी फाटतात, फायदा काहीच होत नाही. डोळ्यात थेंब उडाला तर नुसत्या पाण्याने भरपूर धुवावं. त्यानंतर लगेच दवाखाना गाठावा. सोमवारपर्यंत थांबू म्हणणाऱ्याचे निम्मे-अधिक तास तिथेच जातात.

दोन ते चार आठवड्यांनी अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत गाठी असं काहीतरी होतं. साध्या तापासारखं वाटतं आणि आठ-पंधरा दिवसांत जातं. अनेकांना तेवढंही होत नाही. याच काळात रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूंची संख्या लाखांत, कधी दहा लाखांच्याही वर जाते. लागण दुसऱ्याला देण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त, आणि माणसाला स्वतःला मात्र काहीच ठाऊक नसतं.

खरी पडझड होते ती आतड्यात. शरीरातल्या सीडी४ पेशींचा मोठा साठा आतड्याच्या अस्तरात राहतो आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा बराचसा भाग उद्ध्वस्त होतो. रक्ताच्या तपासणीत हे दिसत नाही. अस्तर कमकुवत झाल्यावर आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात, प्रतिकारयंत्रणा कायम चिडलेली राहते, आणि चिडलेल्या, कामात गुंतलेल्या पेशीच विषाणूला वाढायला सर्वांत सोयीच्या. हे दुष्टचक्र पुढची कित्येक वर्षं चालतं. सीडी४ दरवर्षी सरासरी ५० ते १०० ने उतरतात. कुणाच्या दोन वर्षांत कोसळतात, तर अगदी थोड्यांच्या औषधाविना वीस वर्षं टिकतात.

कोणता आजार कधी डोकं वर काढेल, हेही या आकड्यावरून बरंच ओळखता येतं. टीबी कुठल्याही आकड्याला होतो, आणि एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूंचं जगातलं सर्वांत मोठं कारण तोच आहे. २०० च्या खाली न्यूमोसिस्टिस बुरशीचा न्यूमोनिया येतो, म्हणून तिथे को-ट्रायमोक्साझोलची गोळी रोज सुरू करतात. १०० च्या खाली टॉक्सोप्लाझ्मा मेंदूत गाठी करतो आणि क्रिप्टोकॉकस मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. ५० च्या खाली सायटोमेगॅलो विषाणू डोळ्याचा पडदा खाऊन दृष्टी घालवू शकतो. यातले बहुतेक जंतू आपल्या आजूबाजूला किंवा शरीरातच गपगुमान पडून असतात. आजवर कारभारी जागा होता, म्हणून त्यांचं काही चालत नव्हतं.

कशातून, आणि किती

विषाणू जातो तो रक्त, वीर्य, वीर्याआधीचा स्राव, योनीतला आणि गुदमार्गातला स्राव आणि अंगावरचं दूध यांतून. लाळ, घाम, अश्रू यांतून जात नाही. एकत्र जेवणं, मिठी, एकच शौचालय, खोकला, यांतूनही नाही. डासाचा प्रश्न हमखास येतो. डास टोचताना आधीचं रक्त आपल्यात सोडत नाही, लाळ सोडतो, आणि एचआयव्ही डासात वाढतच नाही, पोटात पचून जातो.

समोरच्याला लागण आहे आणि त्याचे उपचार चालू नाहीत, असं धरून दर दहा हजार प्रसंगांमागे अंदाजे आकडे असे: बाधित रक्त चढवलं तर ९,२५०, इंजेक्शनची सुई वाटून घेतली तर ६३, कामावर सुई टोचली तर २३. गुदमैथुनात घेणाऱ्या बाजूला १३८ आणि दुसऱ्या बाजूला ११. योनीमैथुनात स्त्रीला ८, पुरुषाला ४. हे आकडे पाहून काही जण सुटकेचा निःश्वास टाकतात, पण इथेच वाचणारा फसतो. ही सरासरी आहे. नव्या लागणीच्या आठवड्यांत किंवा जननेंद्रियावर व्रण असताना धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि दहा हजारांत आठ म्हणजे पहिली साडेबाराशे वेळा सूट असं नव्हे. आठातली एक वेळ पहिलीच असू शकते.

बाहेरच्या हवेत, वाळलेल्या रक्तात हा विषाणू फार तग धरत नाही. पण सिरिंजच्या आत अडकलेल्या रक्तात, तापमान अनुकूल असेल तर, तो कित्येक दिवस, कधी कधी सहा आठवडेही टिकलेला आढळला आहे. म्हणून नुसती सुई बदलून जुनीच सिरिंज वापरणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

कंडोम तेलकट वंगणाबरोबर वापरला की लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होऊन फाटतो. पाण्यावर किंवा सिलिकोनवर आधारलेलं वंगण चालतं. दोन कंडोम एकावर एक चढवले तर घर्षणाने दोन्ही फाटण्याचा धोका वाढतो.

आईकडून बाळाला गर्भात, बाळंतपणात किंवा दुधातून लागण होण्याची शक्यता काहीच उपाय केला नाही तर १५ ते ४५ टक्के असते. आईची औषधं वेळेवर सुरू झाली आणि बाळालाही जन्मल्यावर औषध दिलं, तर ती ५ टक्क्यांच्या खाली, चांगल्या देखरेखीत १ टक्क्याच्याही खाली येते. या सगळ्या आजारात इतक्या थोड्या गोळ्यांत इतका मोठा फरक क्वचितच कुठे पडतो.

चाचणी: एक रेघ, दोन रेघा

झटपट चाचणीच्या पट्टीवर बोटातून काढलेला रक्ताचा थेंब टाकतात, वर किटबरोबर आलेल्या द्रावणाचे थेंब. रक्त पट्टीवरून पुढे सरकतं. वाटेत विषाणूच्या प्रथिनांची एक रेघ न दिसेल अशी घातलेली असते. रक्तात प्रतिपिंडं असतील तर ती तिथे अडकतात आणि रेघ रंगते. पुढची कंट्रोलची रेघ प्रत्येक वेळी उमटलीच पाहिजे. ती नसेल तर निकाल ना पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह, चाचणीच बाद. निकाल किटवर छापलेल्या वेळेतच वाचायचा, सहसा १५ ते २० मिनिटांत. तासाभराने वाळलेल्या पट्टीवर पुसटशी रेघ दिसून लोक हादरतात, तिला काही अर्थ नसतो.

आता आठवड्यांचा हिशेब. प्रतिपिंडं बनायला वेळ लागतो, म्हणून अशा पट्टीला लागण पकडायला २३ ते ९० दिवस लागतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं पी२४ प्रथिनही शोधणारी चाचणी १८ ते ४५ दिवसांत सांगते. थेट विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत. संपर्कानंतर चौथ्या दिवशी आलेला निगेटिव्ह रिपोर्ट फक्त एवढंच सांगतो की काही महिन्यांपूर्वीची जुनी लागण नव्हती, या संपर्काबद्दल तो काहीच सांगत नाही. दीड वर्षाखालच्या बाळात आईची प्रतिपिंडं फिरत असतात, म्हणून तिथे पट्टीचा पॉझिटिव्ह निकाल खात्रीचा नाही. बाळाची आरएनए-डीएनए चाचणी चार ते सहा आठवड्यांचं असतानाच करतात.

एका पॉझिटिव्ह पट्टीवर कुणालाही बाधित का ठरवत नाहीत, हे आकड्यांत पाहा. समजा दहा हजार लोक तपासले, त्यांत २० जणांना खरोखर लागण आहे आणि चाचणी ९९.५ टक्के निरोगी लोकांना बरोबर ओळखते. उरलेल्या ९,९८० पैकी अर्धा टक्का, म्हणजे सुमारे ५० जण, विनाकारण पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ७० पॉझिटिव्ह आणि त्यांत खरे २०. म्हणून वेगवेगळ्या बनावटीच्या तीन चाचण्या ओळीने पॉझिटिव्ह आल्यावरच निदान पक्कं करतात. पहिल्या पट्टीचा निकाल रुग्णाच्या हातात देऊन त्याला घरी पाठवणारा दवाखाना चूक करत असतो, आणि ती चूक लहान नाही.

रोजची एक गोळी

आज जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी टीएलडी: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोलुटेग्रॅव्हिर ५०. पहिली दोन उलटी नक्कल थांबवतात, तिसरं चिकटवणं. लॅमिव्ह्युडिनला चकवायला विषाणूला संहितेत एकच बदल पुरतो. तिघांना एकाच वेळी चकवणारे सगळे बदल एकाच विषाणूत जुळून येणं मात्र जवळपास अशक्य, म्हणून औषधं एकत्र द्यायची. तीन ते सहा महिन्यांत बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची संख्या, मोजण्याच्या मर्यादेखाली जातो.

इथे बारीक पण महागात पडणाऱ्या चुका होतात. ॲसिडिटीसाठीच्या ज्या औषधांत मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असतं, ती पोटात डोलुटेग्रॅव्हिरला बांधून ठेवतात आणि औषध रक्तात पोचतच नाही. गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच, फक्त जेवणाबरोबर असतील तर त्या एकत्र चालतात. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर यकृत डोलुटेग्रॅव्हिर झपाट्याने फोडतं, म्हणून ते ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं. टेनोफोव्हिर काहींच्या मूत्रपिंडावर ताण आणतं, क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं. ज्यांना कावीळ ब चीही लागण आहे, त्यांच्यात यातली दोन औषधं तो विषाणूही दाबून ठेवतात. अशांनी गोळी अचानक सोडली की यकृताला जोरदार सूज येऊ शकते.

सीडी४ फार खाली असताना उपचार सुरू केले की कधी कधी पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण उलट जास्त आजारी पडतो. जागी झालेली प्रतिकारयंत्रणा आत दडलेल्या टीबीवर तुटून पडते आणि ताप, गाठी वाढतात. औषध बाधलं असं समजून ते बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. मेंदूच्या आवरणाला टीबी किंवा क्रिप्टोकॉकसची सूज असेल तर मात्र आधी तिचा इलाज करून एचआयव्हीची औषधं चार-सहा आठवडे मागे ठेवतात, कारण कवटीत सुजेला जागा नसते.

व्हायरल लोड न मोजण्याइतका खाली आणि तसाच टिकलेला असेल तर लैंगिक संबंधातून लागण पुढे जात नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक बाधित, एक निरोगी अशा पुरुष जोडप्यांच्या कंडोमविना सुमारे ७६,००० संबंधांत त्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण आढळली नाही. सुया वाटून घेण्याला हा नियम लावता येत नाही, आणि अंगावरच्या दुधातून धोका अगदी थोडा असला तरी शून्य नसतो.

मृत्यूंचा डोंगर, आणि तो उतरताना

एचआयव्ही-१ हा आग्नेय कॅमेरूनमधल्या चिंपांझींकडून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत माणसात आला आणि आजच्या किन्शासा शहरातून पसरला. जगाला मात्र तो कळला ५ जून १९८१ ला, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली तेव्हा. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक मोन्तान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला. १९८७ मध्ये एझेडटी हे पहिलं औषध आलं आणि एकटंच असल्याने फिकं पडलं. १९९६ पासून तीन औषधं एकत्र देऊ लागले आणि मरणाच्या दारातली माणसं उठून कामाला लागली.

पण तेव्हा त्याला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. २००१ मध्ये सिप्लाने तेच वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं आणि गरीब देशांत उपचार ही शक्य कोटीतली गोष्ट झाली. तोवर आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या काही देशांत सरासरी आयुर्मान दहा वर्षांहून जास्त घसरलं होतं. माणसं मरत होती ती कर्त्या वयातली. मागे राहत होते आजी-आजोबा आणि नातवंडं. २००४ च्या सुमारास मृत्यू वर्षाला वीस लाखांवर गेले होते, २०२३ मध्ये ते अंदाजे ६ लाख ३० हजार होते. त्या वर्षी जगात सुमारे ३ कोटी ९९ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि १३ लाखांना नव्याने लागण झाली.

लागण पुसून का टाकता येत नाही, याचं उत्तर पुन्हा त्या सात-बाराच्या नोंदीत आहे. काही सीडी४ पेशी विषाणूचा डीएनए पोटात घेऊन झोपून जातात. औषधं विषाणूच्या हालचालीवर चालतात आणि झोपलेल्या पेशीत हालचालच नसते. हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, म्हणजे गोळ्यांच्या जोरावर तो संपायला सत्तर वर्षं. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसतो.

लागण नसलेल्यांसाठीची प्रेप ही गोळी नियमित घेतली तर लैंगिक संबंधातला धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी करते. अलीकडचं लेनाकापॅव्हिर तर वर्षातून फक्त दोनदा पोटाच्या कातडीखाली टोचतात. आफ्रिकेतल्या मोठ्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही आणि २०२५ मध्ये अमेरिकेने ते प्रतिबंधासाठी मान्य केलं. त्यातही एक मेख आहे. इंजेक्शन सोडल्यावर औषध पुढे कित्येक महिने अंगात थोडं-थोडं उरतं. विषाणू मरायला ते कमी पडतं, पण चकवायला शिकायला त्याला पुरतं. म्हणून प्रत्येक डोसआधी एचआयव्हीची चाचणी करतात, आणि इंजेक्शन थांबवायचं ठरलं पण धोका कायम असेल, तर पुढचा डोस जेव्हा द्यायचा होता त्या तारखेच्या आत दुसरा प्रतिबंध सुरू करतात.